एकुलतीचे बारा फोटो

१

बाराच्या बारा फोटो हललेले निघाले.

एखाददुसरा हलला असता तर कुणी ब्रसुद्धा काढला नसता. माणूस आहे, ऐन वेळी शिंक येते. पण सबंध रोल हलावा, आणि तोही तिपाईकाकांचा? कीटकसंग्रहालयात ही बातमी फिरली तेव्हा जिन्यावरचा पहारेकरी म्हणाला, "छे हो! एक वेळ ही इमारत हलेल."

काकांना तिपाई हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर चढवायचा आणि मुंगीच्या मिशीपासून भुंग्याच्या डोळ्यापर्यंत सगळं अगदी जवळून टिपायचं, हे काम ते बारा वर्षं करत होते. संग्रहालयाचा मोठा ग्रंथ निघायचा होता. त्यातले सगळे फोटो फिल्मवर हवेत, असा संस्थेचा जुना नियम होता. फिल्म शंभर वर्षं टिकते म्हणे. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, फुलपाखरांचं, आणि त्यात मानाचं पान होतं 'एकुलती'चं. त्या जातीचं साऱ्या जगात एवढंच एक फुलपाखरू जपलेलं होतं, म्हणून तिला सगळे एकुलती म्हणत. तिचेच बारा फोटो हलले होते.

संचालिकाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, हाताला आता विश्रांती द्या. सोमवारपासून उरलेलं काम माझा भाचा बघेल."

गुरुवारी दुपारी काका आपल्या वहिनींच्या घरी आले. वहिनी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, पण दीर-भावजयीचा गुरुवारचा चहा काही चुकला नव्हता. वहिनींनी बत्तीस वर्षं एका छापखान्यात निगेटिव्ह तपासण्याचं काम केलं होतं. डोळ्याला भिंग लावून त्या असा काही दोष शोधायच्या, की छापखान्यातले लोक त्यांना 'भिंगवहिनी' म्हणायचे आणि जरा टरकूनच असायचे.

काकांनी कप उचलला. कप बशीवर किणकिणला. त्यांनी घाईघाईने तो खाली ठेवला.

"बघितलंत ना? तीन वर्षं हे चाललंय. कुणाला सांगितलं नाही. आता काय सांगायचं? बाराच्या बारा फोटोंनीच सांगितलं. सोमवारी किल्ली देऊन टाकतो, वहिनी."

"आधी निगेटिव्ह द्या इकडे."

"कशाला? रडायला?"

"रडायचं का हसायचं ते बघितल्यावर ठरवू."

वहिनींनी खिडकीच्या काचेला पांढरा कागद चिकटवला, त्यावर फिल्मची पट्टी धरली आणि भिंग डोळ्याला लावलं. पहिला फोटो. दुसरा. मग सरळ सातवा. मग बारावा. पुन्हा पहिला. चहावर साय धरली तरी भिंग काही खाली येईना.

शेवटी त्यांनी भिंग पुसलं आणि म्हणाल्या, "भावजी, हे फोटो तुम्ही काढलेलेच नाहीत."

२

"म्हणजे? कॅमेरा माझा, तिपाई माझी, खोली माझी!"

"असेल. त्या दिवशी काय काय केलंत ते सांगा. एक अक्षर गाळायचं नाही."

काकांनी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता आवाजाला धार आली. कामाबद्दल बोलताना ह्या माणसाचं वय दहा वर्षांनी उतरायचं.

"सकाळी पंखा बंद, खिडकी बंद. तिपाईचे पाय जमिनीवर कुठे ठेवायचे त्याच्या खडूने खुणा केल्यात. मधली नळी वर ओढायची नाही. उंची हवी तर पाय लांब करायचे, कारण नळी जितकी वर तितकी डुलते. मोडके किडे जोडणारा आमचा डिंकोबा येऊन एकुलतीला समोरच्या बुचाच्या फळीवर टोचतो. मग वजन. माझी खांद्यावरची पिशवी तिपाईखालच्या मधल्या आकड्याला लावतो, तिच्यात लेन्स असतात, डबा असतो, चांगली जड असते. पट्टा असा ठेवायचा की पिशवीचा तळ जमिनीला जेमतेम टेकेल. मग कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर उचलून ठेवायचा, नाहीतर तो ऐन वेळी टाळी वाजवतो आणि कॅमेरा हादरतो. आणि वीस आकडे मोजायचे. मग लांब तारेचं बटण दाबायचं. चार सेकंद. कॅमेऱ्याला बोटसुद्धा नाही."

"मग हात थरथरला तर काय बिघडतं?"

 हा प्रश्न काकांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

"पुढे?"

"बारा फोटो साडेबाराला संपले. फिल्म मी जेवल्यावरच काढतो. भुकेल्या हाताने कॅमेरा उघडायचा नाही, हा माझा नियम. एकुलतीला काचेच्या घुमटाखाली आहे तिथेच ठेवलं, पिशवी उचलली, खोलीला कुलूप लावलं आणि बागेतल्या बाकावर जाऊन जेवलो. एक वाजता आलो, फिल्म काढली, धुवायला दिली."

"खोलीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"डॉक्टरांकडे, म्हणजे आमच्या संग्रहपालांकडे. डिंकोबाकडे. आणि एक संचालिकाबाईंच्या कपाटात. बाई त्या दिवशी परगावी होत्या. भाचेबुवा त्यांच्याच खोलीत बसून होते."

वहिनींनी पट्टी पुन्हा काचेवर धरली. "इकडे या. हा पहिला फोटो. टाचणीचं डोकं बघा. ठिपक्याऐवजी आडवी रेघ दिसते ना? आता चौथा. रेघ आखूड झाली. आठवा. आणखी आखूड. बारावा जवळजवळ स्थिर आहे. भावजी, म्हाताऱ्या माणसाचा हात काम करता करता दमतो की ताजातवाना होतो?"

"दमतो."

"मग थरथर वाढायला हवी. ही कमी होत गेलीय. कुणीतरी तुमच्या जेवणाच्या वेळेत दुसरी फिल्म घालून हे बारा फोटो काढलेत. कसे, ते माझ्या डोक्यात आहे, पण आत्ता नाही सांगत. का काढले, ते मात्र बाराव्या फोटोत दिसतंय. तो तेवढा स्थिर झाला, तिथेच चोराचं नशीब फुटलं."

"काय दिसतंय?"

"मी आयुष्यभर छपाईचे ठिपके बघितले. एक ठिपका एका रंगाचा. अर्धा काळा अर्धा तांबडा ठिपका दिसला की समजायचं, वरून कुणीतरी कुंचला फिरवलाय. फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे खवले असतात ना? ते कसे असतात?"

"एक खवला एका रंगाचा," काका हळूच म्हणाले.

"इथे पंखावरच्या ठिपक्याच्या ह्या बाहेरच्या कड्याने खवले मधोमध कापलेत. अर्धा खवला गडद, अर्धा फिका. भावजी, ही एकुलती नाही. रंगवलेली सोंगाडी आहे."

३

काका ताडकन उठले. "आत्ताच्या आत्ता बाईंना सांगतो!"

"बसा खाली. खोटं फुलपाखरू तुमच्या खोलीतून निघालं, खरं तुमच्या हातात शेवटचं होतं आणि फोटो तुमच्या नावावर. आज हात गेला म्हणतायत, उद्या चोर म्हणतील. आगीतून उठून फुफाट्यात जायचंय का? मला उद्याचा एक दिवस द्या."

शुक्रवारी वहिनी संग्रहालयात हजर. खांद्यावर शाल, हातात एक जुना कोट. संचालिकाबाईंना त्यांनी सांगितलं, "भावजींचं सामान आवरायला आलेय. आणि एक हट्ट आहे. ह्या कोटाचं पितळी बटण माझ्या नवऱ्याचं आवडतं. तिपाई उचलली जायच्या आधी ह्याचा जवळून फोटो हवाय. भावजींना आता धीर होत नाही. तुमच्या माणसांपैकी कुणीही चार-चार फोटो काढले तरी चालेल."

विधवेचा हट्ट कोण मोडणार? बाई विरघळल्या. काकांना मात्र वहिनींनी बागेतल्या बाकावर बसवलं आणि तोंडाला कुलूप लावायला सांगितलं.

काकांची खोली लांबट होती. दारातून आत पाहिलं की आधी मोठं कामाचं टेबल आडवं यायचं, आणि त्याच्या पलीकडे तिपाई उभी. उंबऱ्याशी खडूची जाड रेघ होती. लाकडी जमीन असल्यामुळे काम चालू असताना रेघ ओलांडायला सक्त मनाई होती. वहिनींनी कोट बुचाच्या फळीवर अडकवला, काकांची पिशवी पट्टा आखूड करून टेबलावर ठेवली, दर माणसाआधी ती तशीच ठेवायची असं ठरवून, आणि पहिल्यांदा भाचेबुवांना बोलावलं.

भाचेबुवा तिशीचे, गळ्यात स्वतःचा नवा कोरा कॅमेरा. "मावशी, खरं सांगू? हे काम मला नकोय. आत्याने गळ्यात मारलंय. मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. मेलेल्या किड्यांना 'जरा हसा' म्हणून कसं सांगू?"

"पण शिकलात ना भावजींच्या हाताखाली?"

"एक महिना. महिनाभर नुसती पिशवी लावायला शिकवली हो! कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही." असं म्हणत त्यांनी पिशवी आकड्याला लावली, पट्ट्याची दोन भोकं सैल केली, पिशवीचं बूड पायाने जरा सरळ केलं. आरसा उचलायचं विसरले, मग जीभ चावून उचलला. चार फोटो काढून म्हणाले, "काकांचे फोटो हलले, हे मला अजून खरं वाटत नाही. ते आले तर मी आनंदाने सुटेन."

"त्या दिवशी दुपारी कुठे होतात?"

"आत्याच्या खुर्चीत. घोरत." आणि ते मनापासून हसले.

४

डिंकोबा दुसरे. तुटलेले पाय, फाटलेले पंख डिंकाच्या थेंबाने जोडणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. बोटांवर कायम डिंकाची पापडी आणि बोलण्यात कायम तक्रार. त्यांच्या खिशात तीन बारीक कुंचले होते, ते वहिनींनी आल्या आल्या पाहिले.

"बाई, मला कॅमेऱ्यातलं ओ का ठो कळत नाही."

"दाबायचंच तर आहे. भावजी लावतात तसं सगळं लावा."

डिंकोबांनी पिशवी उचलली, पट्टा थेट तिसऱ्या भोकात अडकवला. "रोज फुलपाखरू टोचायला ह्या तिपाईपाशी उकिडवं बसतो ना, रोज ह्या पिशवीला माझा पाय लागतो आणि रोज काका खेकसतात." आरसाबिरसा त्यांच्या गावीही नव्हता. डोळे मिटून त्यांनी चारदा बटण दाबलं.

"एकुलतीला त्या दिवशी पेटीत तुम्हीच ठेवलंत?"

"नेहमी मीच ठेवतो. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जा, चहा घेऊन या, मी ठेवतो. माणूस मनाने चांगला आहे. नाहीतर माझ्या मागे कामं काय थोडी आहेत? सतरा नंबरच्या खणाचं तर डोक्याला ताप झालाय."

"त्याचं काय?"

"एकुलतीची चुलत जात आहे त्यात. दिसायला बहीणच, फक्त एकुलतीच्या ठिपक्याला तीन कडी आणि ह्यांना दोन. एकुलती एक आणि ह्या छत्तीस. एका बाहेरच्या संग्राहकाला तो अख्खा खण अदलाबदलीत द्यायचाय, येत्या बुधवारी. मी महिन्यापूर्वी मोजली तर पस्तीसच! म्हणून कागद अडवून धरला. डॉक्टर म्हणाले, मी बघतो काय ते. पंधरा दिवस झाले, किल्ली त्यांच्याकडेच आहे."

वहिनींनी फक्त "असं होय" म्हटलं आणि शाल सावरली.

डॉक्टर स्वतः आले ते दार भरून. गोरापान चेहरा, खर्जातला आवाज, पायात जाड तळव्यांचे बूट. उंबऱ्याशी थबकून ते हसले. "काकांच्या राज्यात आम्हाला ह्या रेघेपर्यंतच परवाना. ह्या बुटांमुळे! बारा वर्षं मी हा सोहळा इथूनच बघतोय."

"आज या आत. राजाच पायउतार झालाय."

"वाईट झालं हो. पण वय कुणाला चुकलंय?"

त्यांच्यासारखी सफाई आधीच्या दोघांत नव्हती. त्यांनी पिशवी उचलली, पट्टा न बघता आकड्याला झटकन अडकवली, तिला वरून एक थाप मारली. आरसा वर. लांब तार हातात. कॅमेऱ्यापासून एक पाऊल मागे. चार फोटो, खट, खट, खट, खट.

"अगदी भावजींसारखं! आधी वापरलाय का हा कॅमेरा?"

"छे, आज पहिल्यांदाच. नुसतं बघून बघून येतं माणसाला."

तिन्ही रोल घेऊन वहिनी निघाल्या. जाता जाता डॉक्टरांच्या खोलीत नमस्कार करायला डोकावल्या. भिंतीवर फुलपाखरांची चित्रं होती, जलरंगातली, खवला न् खवला दाखवणारी. खाली सही डॉक्टरांची. वहिनींनी तोंडभरून कौतुक केलं आणि मनापासून केलं. चित्रं खरोखरच उत्तम होती.

संध्याकाळी रोल धुऊन आले. वहिनींनी ते काचेवर धरले, एकेक पाहिला, आणि भावजींना निरोप धाडला: सोमवारी किल्ली घेऊन या, पण द्यायला नव्हे.

५

सोमवारी सकाळी काकांच्या खोलीत सगळे जमले. संचालिकाबाई निरोपाचा गुच्छ घेऊन आल्या होत्या. वहिनींनी तो घेतला आणि टेबलावर आडवा ठेवला.

"बाई, हा नंतर लागला तर बघू. आधी पाच मिनिटं माझं ऐका."

त्यांनी बारा फोटो ओळीने मांडले आणि थरथर कशी कमी होत गेली ते दाखवलं. डॉक्टर हसले. "वहिनी, लाकडी जमीन आहे. बाहेरून कुणी चालत गेलं असेल."

"तुमच्यासारखे बूट घालून? असेल. पण चालणारा माणूस जातो, येतो, थांबतो. फोटो एक हलेल, एक नाही. इथे उतरती भाजणी आहे. आणि भिंगातून ही रेघ बघा. दोन्ही टोकांना ठळक, मध्ये पुसट. झोक्यावर बसलायत कधी? झोका मधून भर्रकन जातो आणि टोकाला क्षणभर थांबतो. जिथे थांबतो तिथे फिल्मवर जास्त उजेड पडतो. म्हणजे कॅमेरा झोके घेत होता. तिपाईखाली काहीतरी लोंबकळत होतं. सुरुवातीला जोरात, मग हळू, बाराव्या फोटोपर्यंत जवळजवळ थांबलेलं."

"काकांची पिशवी," संचालिकाबाई म्हणाल्या.

"काकांची पिशवी त्या वेळी बागेत होती. तिच्यात डबा होता. चोराने दुपारी खोली उघडली तेव्हा तिपाई रिकामी होती. बिनवजनाची तिपाई डुलते एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने आपली स्वतःची पिशवी अडकवली. पण वजन कशासाठी लावतात ते कळलं आणि कसं लावतात ते कळलं नाही. भावजी, पिशवीचा तळ कुठे असतो?"

"जमिनीला टेकलेला. अधांतरी पिशवी म्हणजे लंबक."

"आता ही बटणं." वहिनींनी तीन पट्ट्या काढल्या. "हे भाचेबुवांचे चार. स्वच्छ. पिशवी टेकवून लावलीत, महिनाभर तेच घोकलं होतंत. हे डिंकोबांचे. आरसा तेवढा किंचित फडफडलाय, पण झोका नाही. रोज पायाला पिशवी लागते, ती जमिनीवर असते हे त्यांच्या पायालाही माहीत आहे. आणि हे तिसरे. सगळ्यात सफाईने काढलेले. पहिल्यात लांब रेघ, टोकं ठळक. दुसऱ्यात आखूड. तिसऱ्यात आणखी आखूड. डॉक्टर, तुम्ही बारा वर्षं उंबऱ्यावरून बघितलंत. आरसा दिसला, तार दिसली, पिशवी दिसली. पण मध्ये हे टेबल आहे. पिशवीचा तळ टेबलाआड राहिला."

 डॉक्टरांचा गोरा चेहरा आता चुन्यासारखा झाला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"बटण हललं म्हणून मी चोर? आणि चोरलं काय? एकुलती पेटीत आहे!"

"पेटीत आहे ती रंगवलेली आहे. महिन्यापूर्वी सतरा नंबरच्या खणातून गेलेली छत्तिसावी. तिच्यावर तिसरं कडं चढवायला कुंचल्याचा हात लागतो, तो तुमच्या भिंतीवर टांगलाय. भावजींनी खऱ्या एकुलतीचे फोटो काढले होते, ते राहिले असते तर सोंग कधीतरी उघडं पडलं असतं. म्हणून ग्रंथात सोंगाचेच फोटो जायला हवे होते. ते हलले, तरी तुमचं काय बिघडलं? पुन्हा काढताना समोर सोंगच असणार आणि काढणारा नवा असणार. फक्त एका म्हाताऱ्याचं नाव गेलं."

"मग खरी कुठे आहे?" संचालिकाबाई जवळजवळ किंचाळल्या. "दारावर प्रत्येकाची झडती होते!"

"म्हणूनच ती बाहेर गेलेली नाही. एवढे नाजूक पंख खिशात टिकायचे नाहीत. तिला बूच हवं, टाचणी हवी, डांबरगोळ्या हव्यात. आणि दारातून सरळ, तुमच्या सहीचा कागद घेऊन जायची सोय हवी. डिंकोबा, सतरा नंबरचा खण आणा आणि मोजा. डॉक्टर, किल्ली द्या त्यांना."

डॉक्टरांनी संचालिकाबाईंकडे पाहिलं. बाईंनी हात पुढे केला. किल्ली निघाली.

डिंकोबांनी खण आणून टेबलावर ठेवला. बोट हवेत नाचवत मोजलं. पुन्हा मोजलं. "छत्तीस! अहो, पस्तीस होती! शपथ!"

"मग एक माहेरी आलीय," वहिनी म्हणाल्या आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

डिंकोबा चौथ्या ओळीत थांबले.  "तीन कडी," ते कसेबसे म्हणाले. "हीच. माझी पोर हीच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! संचालिकाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

६

डॉक्टरांनी मग लपवलं नाही. त्या संग्राहकाकडे एक भुंगा होता, अजून कुणी नोंदवलेला नाही असा. एकुलती मिळाली तर तो भुंगा तो डॉक्टरांना नोंदवू देणार होता आणि भुंग्याला डॉक्टरांचं नाव लागणार होतं. "चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली," ते म्हणाले. "मरायच्या आधी एकदा माझं लिहायचं होतं."

वहिनींना क्षणभर त्यांची दया आली. मग त्यांना गुरुवारचा किणकिणणारा कप आठवला आणि दया गेली. "तुमचं नाव लागायला भावजींचं पुसायचं होतं तुम्हाला. त्यांच्या खऱ्या रोलचं काय केलंत?"

"उजेडात ओढला. जाळला."

बाईंनी डॉक्टरांना आपल्या खोलीत नेऊन बसवलं, पहारेकऱ्याला दारात उभं केलं, आणि परत येऊन काकांसमोर उभ्या राहिल्या. "काका, मी तुमची माफी मागते. तुमचा हात थरथरतो असं मी उगाच—"

"थरथरतो," काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकांनी उजवा हात पुढे केला. तो खरंच थरथरत होता, बोटांच्या टोकांपर्यंत.

"तीन वर्षं झाली, बाई. लपवलं, ते चुकलं माझं. आता ठरवा."

 वहिनी मध्ये पडल्या. "ठरवायचं काय त्यात? ग्रंथाची तीन वर्षांतली पानं काढा आणि एक हललेला फोटो दाखवा. हात स्थिर असता तर तिपाई कशाला लागली असती? हा माणूस हाताच्या भरवशावर फोटो काढतच नाही. तो पद्धतीच्या भरवशावर काढतो."

बाईंनी टेबलावरचा गुच्छ उचलला आणि भाचेबुवांच्या हातात कोंबला. "पाण्यात ठेव हा कुठेतरी."

"म्हणजे मी सुटलो?" भाचेबुवा म्हणाले, आणि इतक्या ताणानंतर पहिल्यांदा सगळे हसले.

त्याच दुपारी काका जेवले, पिशवी लावली, तळ टेकवला. डिंकोबांनी खऱ्या एकुलतीला फळीवर टोचलं. संचालिकाबाई पुढे सरकल्या तशी काकांनी खडूच्या रेघेकडे बोट दाखवलं. त्या निमूट मागे गेल्या. काकांनी तार हातात घेतली. हात थरथरत होता, तारेचा मधला सैल वळसा थरथरत होता, आणि वळशाच्या पलीकडे कॅमेरा मात्र ढिम्म उभा होता. वहिनी उंबऱ्याबाहेरून मनातल्या मनात वीस मोजत होत्या.

गुरुवारी चहाच्या आधी त्यांनी निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या काचेवर धरली. पहिला. दुसरा. सातवा. टाचणीच्या डोक्यावर उजेडाचा एकच गोल ठिपका, प्रत्येक फोटोत त्याच जागी. खवले मोजावेत इतके स्पष्ट, आणि एकही अर्धा रंगलेला नाही.

"बारावा?" काकांनी मागून विचारलं. 

"बारावासुद्धा."

काका खुर्चीत बसले आणि डोळे पुसत राहिले. वहिनींनी त्यांना पुसू दिले. मग कप पुढे सरकवला. कप किणकिणला, चहा बशीत सांडला, आणि ह्या खेपेला काकांनी तो खाली ठेवला नाही.

"सांडला," ते म्हणाले.

"सांडू दे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी आपलाही चहा बशीत ओतला. "आपल्याला काय त्याचा फोटो काढायचाय?"